तुझ्या बापाचा आवाज मी शेवटी ठेवला

अगं पोरी, हे तुला फोनमधी बोलून पाठवतेय, नीट कानाला लावून ऐक. आधी मला थोडं रागावू दे. बापाच्या आवाजाचे मेसेज कुणी एकाच ठिकाणी ठेवतं का? घराची एक किल्लीसुद्धा आपण शेजारणीकडं ठेवतो. तू मात्र "आत्या, माझ्या फोनमधी जागाच नाय, तुझ्या कंप्युटरवर टाक," म्हणालीस आणि पुण्याची गाडी पकडलीस.

झालं, रागावले. आता खरं ऐक. "फोनमधून बिनधास्त पुसून टाक, मी हाय ना," हे मीच म्हणाले होते. तेव्हा माझा धाकटा भाऊ, तुझा बाप, चांगला चालता-बोलता होता. रोज सकाळी तुला काहीबाही बोलून पाठवायचा. तो असा अचानक जाईल आणि त्याचं बोलणं तेवढंच उरंल, हे कुणाच्या मनात होतं?

मला लई घमेंड होती गं. वाळूजच्या कंपनीत कंप्युटरवर एन्ट्री करायला लागले तेव्हा तो कंप्युटर ज्याच्यावर चालायचा त्या युनिक्सचं जाडजूड पुस्तक मी बजाजनगरच्या खोलीत भाकऱ्या थापता थापता वाचलं. शिकवायला कुणी नव्हतं. रिटायर होऊन पडेगावला आलो, तर जुन्या कंप्युटरवर तेच युनिक्स मी माझ्या हातानं टाकलं. सगळ्या खानदानाचे फोटो, कागदं माझ्याकडं. कुणाचं काही हरवलं की मलाच फोन.

उन्हाळ्यात एका दुपारी बॅकअप लावला, म्हणजे सगळ्याची दुसरीकडं एक नक्कल. थोड्या वेळानं पडद्यावर आलं, डिस्कचा अमुक ब्लॉक, म्हणजे तिच्यावरचा एक तुकडा, वाचता येत नाही. मला वाटलं, वायर ढिली असंल. कंपनीत असं व्हायचं. वायर बदलली, पहिल्यापासून परत लावला. पुन्हा तोच ब्लॉक. आता वायरीचा दोष असता तर चूक कधी इथं, कधी तिथं दिसली असती. त्याच जागी परत परत अडतंय म्हणजे डिस्कच आतून खराब झालेली. हे मला कळत होतं. तरी मी लाइटीला दोष दिला, इन्व्हर्टरवर जोडलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. माझी खोडच ती. विणकामात एक टाका चुकला की सगळं उसवून पहिल्यापासून घालायचं.

डिस्क टक टक वाजायला लागली. आमचे हे, तुझे मामा, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, कण्हतीय ती. सोड तिला आता."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं नाय कळत. पण माझे गुडघे असेच वाजतात, आन् तू त्यांनाही गच्चीवर पाणी बघायला पाठवतीस."

मी हसले, पण थांबले नाय.

आता जे मला खातंय ते सांगते. त्या बॅकअपमधी आधी जायचे माझे पेन्शनचे कागद, मग आमचे वेरूळचे फोटो, मग माझ्या लोणच्याच्या कृती. तुझा फोल्डर सगळ्यात मागून आलेला, म्हणून सगळ्यात शेवटी. दर खेपेला माझं सामान परत परत वाचलं गेलं, आणि तुझी पाळी येईस्तोवर डिस्क पार थकलेली. आपल्या घरात पाहुण्याचं ताट आधी वाढतात. दुसऱ्याची अमानत तर आगीतूनसुद्धा पहिली उचलायची. पहिल्याच दिवशी फक्त तुझा फोल्डर काढ म्हणून सांगितलं असतं, तर सगळा आला असता.

शेवटी पडद्यानं विचारलं, इतक्या चुका झाल्यात, पुढं जाऊ का? तेव्हा कुठं माझा हात थांबला. मग दुसरा प्रोग्राम लावला, जो धड भाग आधी उचलतो आणि नासक्या जागेला शेवटी हात लावतो. तो मला माहीत नव्हता असं नाय.

पुष्कळ मेसेज आले. काही उघडतच नाहीत. एकात तो म्हणतो, "जेवलीस का? नसशील तर ऊठ आधी. आन् तुझ्या आत्याची गंमत सांगू का..." आणि पुढं नुसती शांतता. माझी टिंगलच असणार, दुसरं काय! पण ती टिंगल मला ऐकायचीय गं.

तू फोनवर म्हणालीस, "आत्या, बाबांचे आवाज पाठव ना." मी म्हणाले, "व्हय, पाठवते, नेट चालंना इथलं." नेट चांगलं चालत होतं. मामा त्याच्यावर मॅच बघत होते.

जे आलं ते आता दोन ठिकाणी ठेवलंय. डिस्क बंद करून कपाटात ठेवलीय. पुण्यात म्हणे डिस्क उघडून आतलं काढून देणारी माणसं आहेत. उरलेलं मिळंल, नाय तर कायमचं जाईल. ते मी ठरवणार नाय. बाप तुझा आहे. तू इथं येऊन आधी जे हाती आलंय ते ऐक, मग सांग डिस्क सोबत न्यायची का. तो अर्धा मेसेज तू त्या वेळी पुरता ऐकला असशील. त्यात पुढं काय होतं, आठवलं तर मला सांग.

फोनवर नको. लवकर ये. स्टँडवर मामांना पाठवते.