कापलेल्या चार ओळी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, नणंदेला नाही, ज्या हजारो माणसांनी मला शाबासकी दिली त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट माहीत नाही. बोलायला बसले आहे, एवढंच.

नागावात आमचा होमस्टे आहे. चार खोल्या, मागे नारळाची वाडी. दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले की मी फोनवर एक खेळ खेळायची — बेट वसवायचा. घाट बांधायचा, झाडं लावायची, शेजारच्या बेटांवर होडी पाठवायची. माझी नणंद वैशाली माणगावला असते, तिचं बेट माझ्या शेजारी. पाच वर्षं आम्ही दोघी रोज तिथे भेटत होतो. हसू येतं का? येऊ दे. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने बेटावर जीव लावावा — पण लावला होता.

मग एक दिवस कंपनीने कळवलं की महिनाअखेरीस खेळ बंद. आम्ही तो विकत घेतला होता. तरी बंद.

मी मदतकक्षाला मराठीत लिहिलं. उत्तर आलं मानसी नावाच्या मुलीचं. पहिली ओळ अशी होती — "खेळ विकत घेतला म्हणजे तो कायमचा तुमचा होत नाही."

त्याखाली आणखी चार ओळी होत्या. त्यांच्याकडे येते. जरा थांबा.

मी त्या पहिल्या ओळीचा फोटो खेळाडूंच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात तो सगळीकडे गेला. लोकांनी कंपनीच्या सगळ्या खेळांना पाचपैकी एकच तारा द्यायला सुरुवात केली. एक तारा म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? एका पाहुण्याने आमच्याकडे भात गार होता म्हणून एक तारा दिला होता, तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नव्हते. तरी मी लिहीत राहिले — द्या, अजून द्या. बातम्यांत आलं. आठव्या दिवशी कंपनी नमली. खेळ चालू राहील, आणि ग्राहकांशी उद्धटपणे बोलणाऱ्या कर्मचारी महिलेला काढून टाकलं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. ग्रुपवर लोक नाचत होते. मला ताई म्हणत होते.

आता त्या चार ओळी. "नियम असा आहे, ताई. पण मला स्वतःला हे पटत नाही. मी वरती दोनदा लिहिलंय. तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहा, एकेकट्याचं इथे कुणी ऐकत नाही."

मिळून लिहा — हे तिनेच सुचवलं होतं. मी बोटाने फोटोची कडा वर सरकवली आणि त्या ओळी कापल्या. तिचं नावही झाकता आलं असतं. नाही झाकलं. चुकून राहिलं का? नाही. नाव असलं की लोक जास्त चिडतात, हे मला ठाऊक होतं.

नोकरीवरून काढल्यावर मानसीने स्वतःच्या फोनवरून मला निरोप पाठवला. राग नव्हता त्यात. पूर्ण संभाषण कंपनीकडे आहे, पण त्यांना कुणाचं तरी नाव पुढे करायचं होतं, असं तिने लिहिलं होतं. लोक तिच्या आईच्या फोनवरही शिव्या पाठवत होते. शेवटी एवढंच — "ताई, पूर्ण फोटो टाकाल का? नोकरीसाठी नाही. शिव्या तरी थांबतील."

मी तो निरोप दोनदा वाचला. पाहुण्यांना सोलकढी हवी होती, ती दिली. परत आले आणि तिला ब्लॉक केलं. काही झालं नाही. आत काहीच हललं नाही.

मेमध्ये वैशाली राहायला आली. दोघी मागच्या ओट्यावर कोलंबी सोलत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वयनी, ती पोरगी खरंच तेवढंच बोलली व्हती?"

घाई नव्हती. कुणी ऐकत नव्हतं. खेळ वाचला होता, मला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. वैशालीला सांगितलं असतं तर ती रागावली असती, आणि मग त्या मुलीसाठी आम्ही दोघींनी काहीतरी केलं असतं — ती तशी आहे.

"हो," मी म्हणाले. "तेवढंच."

तिने मान हलवली आणि पुढची कोलंबी उचलली. मीही उचलली.