अण्णांची गाडी आणि गॅसचा प्रश्न

माणसाच्या आयुष्यात एखादाच निर्णय असा येतो, की त्यापुढे बाकीचे सगळे किरकोळ वाटू लागतात. अण्णांच्या आयुष्यात तो एकाहत्तराव्या वर्षी आला. बारा वर्षं वापरलेल्या पेट्रोलच्या गाडीला एलपीजीचं किट बसवावं की बसवू नये, हा तो निर्णय. त्याला अडीच वर्षं लागली. तेवढ्या काळात मी दोन नोकऱ्या बदलल्या, एक लग्न ठरवलं आणि मोडलं. दर वेळी जिना चढताना अण्णा बॉनेट उघडून आत बघत असलेले दिसायचे, आणि माझं बरं चाललंय असं वाटायचं.

मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. मला ते नावाने हाक मारत नसत. "काय पुणेकर" म्हणत, आणि त्यात थोडी कीव असे. ते स्वतः निपाणीकडचे. तरुणपणी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. घरात मात्र त्यांच्या तोंडून 'पास' ऐकणं अवघड होतं. टोमॅटो, जावई आणि मी, तिघेही 'बघू' या सदरात होतो.

अण्णा बसत नसत. कॉफी उभ्याने, पेपर उभ्याने, फोन तर चालतच. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलांचा होता, आणि त्यांच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागे. मी एकदा खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "बसून केलेला विचार बसूनच राहतो रे." अर्थात चालत केलेला विचारही कुठे पोचत नव्हता, पण त्याला हवा लागत होती एवढं खरं.

गॅसचा प्रश्न आला तो अक्कांमुळे. अण्णांच्या पत्नीला, अक्कांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत दहा पावलं टाकता येत; पुढे व्हीलचेअर. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी न्यायचं आणि शनिवारी बेळ्ळंदूरला लेकीकडे, वीणाकडे. कॅब करून पाहिली. कॅबवाला यायचा, व्हीलचेअर बघायचा आणि डिकी उघडून दाखवायचा. आत सीएनजीची टाकी. मग "जागा इल्ला सार" म्हणून निघून जायचा. म्हणजे स्वतःची गाडी हवी. आणि पेन्शनीत पेट्रोलवर एवढं फिरणं बसत नव्हतं. वीणाचं म्हणणं सरळ होतं: गाडी विका, घर भाड्याने द्या आणि आमच्याकडे चौदाव्या मजल्यावर राहायला या. तेव्हा गॅस बसवणं म्हणजे मल्लेश्वरममध्ये राहणं, आणि न बसवणं म्हणजे लेकीच्या घरी पाहुणे होणं. फूलवालीशी रोज कन्नडमध्ये भांडणाऱ्या अक्का चौदाव्या मजल्यावर कुणाशी भांडणार, हा प्रश्न अण्णांनी मोठ्याने कधी विचारला नाही. ते फक्त किटबद्दल बोलत.

आणि सगळ्यांशी बोलत. बेंगळुरूच्या रिक्षा गॅसवर चालतात, म्हणून सकाळी ते गॅसच्या बंकवर, म्हणजे पंपावर, जाऊन रिक्षांच्या रांगेबरोबर पुढे सरकत चौकशी करायचे. पिकअप कमी होतो का, चढावर गाडी दमते का, वास येतो का. एकजण म्हणायचा उत्तम, दुसरा म्हणायचा इंजिन खातं, तिसरा म्हणायचा, "स्वल्प वास येतोच, अण्णा." अण्णा तिघांचंही लिहून घ्यायचे. शेवटी एका वयस्कर रिक्षावाल्याने विचारलं की सार, तुम्ही सरकारतर्फे आलाय का. त्या दिवशी ते खूश होते.

मोठी अडचण डिकीची होती. टाकी डिकीत बसणार. मग व्हीलचेअर कुठे? कुणीही इतर माणूस मेकॅनिकला विचारून मोकळा झाला असता. पण ज्याने आयुष्य मापण्यात घालवलं तो विचारत नाही, चाचणी घेतो. अण्णांनी एक लोखंडी पिंप आणलं, टाकीएवढं. त्यात टाकीच्या वजनाइतकी वाळू भरली, झाकण ठोकून ते डिकीत आडवं बांधलं, आणि तशी गाडी आठ महिने चालवली. व्हीलचेअर मागच्या सीटवर आली. शनिवारी ते मला वाटेत कोरमंगलाला सोडत. मी मागे व्हीलचेअरच्या चाकाला मिठी मारून बसत असे. एका नाकाबंदीत पोलिसाने डिकी उघडायला लावली. अण्णांनी त्याला कन्नडमध्ये शांतपणे समजावलं, की ही टाकी नाही, टाकी बसवली तर कसं वाटेल ते बघण्यासाठी वाळू आहे. पोलिसाने पिंपाकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि मागे वाकून मला हिंदीत सांगितलं की यांना एकटं सोडत जाऊ नका. वाळूच्या वजनाने गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली, हे अण्णांनी स्वतःच शोधून काढलं आणि तेही लिहून ठेवलं.

आठ महिन्यांनी आम्ही यशवंतपूरच्या बाजूला रफीक नावाच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने डिकी उघडली, पिंपावर टकटक केली आणि अण्णांकडून सगळी चाचणी ऐकून घेतली. मग म्हणाला, "टाकी गोल आती अण्णा, चकली के जैसी. स्टेपनी के जागे पे बैठती. तुमे आठ महीने रेती कायकू घुमाये?"

म्हणजे व्हीलचेअरला जागा पहिल्या दिवसापासून होती. चाचणी अचूक झाली होती, फक्त चुकीच्या आकाराची. अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: टाकीची तपासणी किती वर्षांनी? रफीक म्हणाला, पाच वर्षांनी एकदा. अक्का पुढच्या सीटवर बसून ऐकत होत्या. परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "टाकीची पाच वर्षांनी काय? माझी कधी आहे, ते पण विचारून घ्यायचं होतं की."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. घरी आल्यावर त्यांनी वाळू बागेत ओतली. पण किट बसवलं नाही. पुढचे दोन महिने व्हरांड्यातल्या फेऱ्या वाढल्या. मला खालून त्यांची पावलं ऐकू यायची आणि मीही वर फेऱ्या मारू लागलो होतो. एकाच्या डोक्यात गॅस, दुसऱ्याच्या डोक्यात पुण्याला परत जावं का हा प्रश्न. घर हललं नाही हे बांधणाऱ्याचं कौतुक.

मग जावयाने विषय हातात घेतला. तो कुठल्याशा कंपनीत मोठ्या पदावर होता, आणि मोठ्या पदावरच्या माणसाला घरातली गोष्टही पडद्यावर दाखवल्याशिवाय पटत नाही. एका शनिवारी त्याने भिंतीएवढ्या टीव्हीवर सासूसासऱ्यांचं भवितव्य मांडलं. तटस्थ माणूस म्हणून मलाही जेवायला बोलावलं होतं. पर्याय पहिला, पर्याय दुसरा. चौदाव्या मजल्याकडे हिरवे बाण, मल्लेश्वरमकडे लाल बाण. अक्का हिरव्या बाणांत होत्या. अण्णा अर्थातच उभे राहून पाहत होते. शेवटी 'आपले प्रश्न' अशी पाटी आली तेव्हा अण्णांना प्रश्न नव्हता, हे मी प्रथमच पाहिलं. "सरी, ठीक आहे. खाली एक फेरी मारून येतो," म्हणून ते लिफ्टने गेले आणि पाऊण तासाने आले. वीणाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मला हळूच म्हणाली, "बाबा तयार होतील असं वाटतंय रे." तिचंही काही चुकत नव्हतं. रोज सकाळी आईबाबांना फोन लावताना पलीकडून कुणी उचलेपर्यंत तिचा श्वास अडकायचा, हे तिनेच मला सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी अण्णा जिन्याखालून ओरडले, "पुणेकर, पास!" आणि गाडी घेऊन रफीककडे गेले. संध्याकाळपर्यंत किट बसलं, पुढच्या आठवड्यात गाडीच्या कागदांवर गॅसची नोंदही झाली. काय बदललं, असं मी विचारलं तर म्हणाले की वाळूच्या मानाने गोल टाकी हलकी आहे. मी मान डोलावली. अडीच वर्षांनंतर कुणीही डोलावली असती.

पुढच्या शनिवारी बेळ्ळंदूरला वॉचमनने काचेवरचं गॅसचं स्टिकर बघून गाडी अडवली. गॅसच्या गाड्यांना तळघरातल्या पार्किंगमध्ये मनाई आहे, अशी तिथे पाटीच होती. घरी आल्यावर अण्णांनी गंभीर चेहऱ्याने मला सगळं सांगितलं. वीणाला ते म्हणाले होते, एवढी चौकशी केली आणि नेमकं हेच विचारायचं राहिलं बघ. आता राहायला यायचं तर गाडी ठेवायची कुठे? जावई विकू म्हणाला. पण आत्ताच गॅस बसवलेली गाडी कुणी विकतं का? मुक्काम हलवणं पुढे ढकललं गेलं, आणि ढकललेलंच राहिलं. दोन वर्षं अक्का मल्लेश्वरममध्ये होत्या. फूलवालीशी भांडल्या, व्यायामाला गेल्या, दहाची वीस पावलं झाली.

मग एका दुपारी अण्णा गेले. कॉफी प्यायले, कप ठेवला आणि गेले. अक्कांना एकटीला राहणं शक्य नव्हतं. वीणा त्यांना घेऊन गेली. गाडीची किल्ली अक्कांनी माझ्या हातात दिली आणि सांगितलं की शनिवारी न्यायला ये, दिवसभर इकडे येऊन बसते.

पहिल्या शनिवारी मी विसरून गाडी सोसायटीच्या तळघराच्या उतारावर घातली. वॉचमन आडवा आला, पण गाडी ओळखून हसला. त्याने अण्णांची चौकशी केली, मी सांगितलं. मग हिंदीत म्हणाला, की पूर्वी एका शनिवारी अज्जा, म्हणजे अण्णा, लिफ्टने एकटेच खाली आले होते. पाटी वाचली, आणि गॅसची गाडी खरंच आत सोडत नाही ना, हे त्याला तीनतीनदा विचारून घेतलं. गॅस तेव्हा बसवला नव्हता.

मी गाडी गेटबाहेर लावून वर गेलो आणि अक्कांना हे सांगितलं. मला वाटलं त्या चकित होतील. त्या पदर नीट करत म्हणाल्या, "मला ठाऊक आहे की. त्याच दिवशी घरी आल्यावर म्हणाले, लेकीला नाही म्हणायला मला जमत नाही, गाडी म्हणेल."

एका माणसाने अडीच वर्षं फेऱ्या मारून कुणाचंही मन न मोडता आपल्या बायकोला तिचं घर कसं मिळवून दिलं, याचा विचार करत मी व्हीलचेअर लिफ्टमध्ये घातली. आता अशी माणसं होणार नाहीत, अशा अर्थाचं एक वाक्य मनात जुळत होतं. खाली गेटबाहेर आलो. गाडीच्या पुढच्या चाकाला ट्रॅफिक पोलिसांनी जॅमर लावला होता.