फुंकायचं नाही, ओढायचं

श्वसनोपचाराचा कोर्स करतेय मी. आज वॉर्डात एका काकांना श्वासाच्या व्यायामाचं तीन गोट्यांचं यंत्र दिलं. उभं आयुष्य त्यांनी खडीच्या क्रशरवर काढलेलं. सगळे पेशंट करतात तेच त्यांनीही केलं, नळीत फुंकलं.

"फुंकायचं नाही काका, आत ओढायचं."

"धूळ ओढूनच तर इथं आलो, पोरी." ते हसले आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. गोटी एकही हलली नाही.

कोणाच्या भिंतींसाठी कोणी काय ओढायचं, हे आमच्या कुठल्याच धड्यात नाही.

दुपारी कॉलेजात परतले तर फाटकाशी खडीचा ट्रक रिकामा होत होता. धूळ उठताच मी ओढणीनं नाक झाकलं. ट्रकवर काकांच्याच क्रशरचं नाव होतं. त्या खडीवर आमची श्वसनोपचाराची नवी लॅब उभी राहणार आहे.