मातीचा श्वास मोजणारे साहेब

अगं, या लग्नात तरी गावलीस, सरक इकडं. दोन वर्षं झाली, रेणापूरच्या आमच्या शेताला पाय लावला न्हाईस. तुझ्यापेक्षा लातूरचे ते मातीवाले साहेब बरे. पाऊस उघडला की फटफटीवर हजर.

माती श्वास सोडती म्हणे, अन् पावसानंतर लई सोडती. जमिनीत रोवलेल्या एका कड्यावर ते झाकण ठेवतात, अन् यंत्र आतला वायू मोजतं. तेवढा वेळ साहेब गाल फुगवून बसतात, आपला श्वास त्यात मिसळू नये म्हणून. "थोडक्यात सांगतो, मावशी," म्हणतात, अन् चहा गार होईस्तोवर सांगतात.

मागच्या खेपेला ते यायच्या आत मी कड्यातली जागा शेणानं सारवून ठेवली. पाहुणा येणार, अन् जागा तशीच ठेवायची का? आकडा असा चढला की साहेब चिखलात नाचाय लागले. "मावशी, तुमची माती निस्ती धापा टाकून राहिली!" मग खाली वाकले, वास घेतला, अन् मटकन बसले. वायू मातीचा न्हवता, शेणाचा होता. महिनाभर वाट पाहून आलेला पाऊस मी वाया घालवला होता. मला तर रडूच आलं.

मग साहेब उठले. शेजारी त्यांनी दुसरं कडं ठोकलं. "थोडक्यात, मावशी, हे माझं, ते तुमचं. दर पावसानंतर एकच ओंजळ सारवा. दोन्ही मोजू."

वहीत तसं लिहिलंयसुद्धा: मावशीचं कडं.

आता तू ये बाई लवकर. माझी ओंजळ दर खेपेला तेवढीच पडती का, ते बघाया कुणीतरी पाहिजे.