शेटच्या गेटामागची वाट

बॅनरवर तुमी त्याला आमदार अॅडव्होकेट पद्माकर म्हणून बघता. आमच्या वाडीत तो पदू. माझ्या नवऱ्याचा, हरेशचा, धाकटा चुलतभाऊ. त्याचा बाप लवकर गेला, तेव्हा त्याच्या वाट्याचं भात हरेशनं लावलं, कापलं, म्हणून हा शिकून वकील झाला. मी तोरा मिरवत नाय, पण खरं ते खरं.

कर्जतच्या कोर्टात त्याला पहिली मोठी केस मिळाली ती मुंबईच्या एका शेटची. शेटनं वाडीखाली फार्महाऊस बांधलं आणि आमची जुनी गाडीवाट कुंपणात घातली. दुसऱ्या वकिलानं ही केस घेतली असती, तर वाडीनं दगड उचलले असते. पण हा पडला आपला पोरगा! माझ्या चुलीपुढं भाकरी खात बोलला, "वयनी, जिंकलो तर नाव होईल. वाटेचं काय, दुसरी काढून देतो." आणि आमच्या येड्या माणसांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, तिथनं वाट कधी नव्हतीच. पहिला साक्षीदार हरेश. इस्त्रीचा शर्ट घालून गेलेला, मेला! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं दुसरं काय असतं?

पदू जिंकला. खालापूरपर्यंतचे जमीनवाले त्याच्या दारात आले, मग पक्षाचं तिकीट, मग आमदारकी. मिरवणुकीत हरेश गुलाल खाईपर्यंत नाचला. मी ओवाळताना विचारलं, "भावजी, वाट?" हसला नुसता. पुढं एकदा खरं बोलला. कोर्टात वाट नाय म्हणून ठरलेलं, तर सरकार रस्ता करणार कशावर? दुसरीकडनं काढायचा तर जंगलखातं आडवं. मी चिडले की हरेश म्हणायचा, "त्याच्यामागं कामं किती हायेत गं, गप बस."

यंदा भातातलं तण बेणताना हरेशला घोणस चावली. भरदिवसा. पोरांनी खुर्चीला बांबू बांधून शेटच्या गेटापर्यंत धावत आणला. गेटापलीकडं डांबरी रस्ता दिसत होता, टेंपो उभा होता. वॉचमन म्हणाला, "कोर्टाची मनाई हाय." माझी जाऊ चिमा त्याच्या पाया पडली. शेटनं फोन उचलला नाय. पदूचा फोन दुसऱ्याच कुणी घेतला, साहेब मीटिंगमध्ये हायेत म्हणे. पोरं गेट तोडायला धावली, तर खुर्चीतनं हरेशच म्हणाला, "नको रं, पदूचं नाव खराब होईल."

मग ओढ्याकडनं वळसा. ओढ्याला छातीभर पाणी. पलीकडं खुर्ची टेकवली तेव्हा हरेश संपला होता.

तिसऱ्या दिवशी पदू आला. खोटं कशाला बोलू, हंबरडा फोडून रडला. "वयनी, दादा गेला, मी पोरका झालो. सांगा, काय करू तुमच्यासाठी?"

अंगणात त्याची गाडी उभी होती. त्याच्या पायाला चिखलाचा ठिपका नव्हता.

"भावजी, गाडी कुठनं आली?"

त्यानं मान खाली घातली. "गेटातनं. वॉचमन ओळखतो मला."

"हरेशला पण ओळखत होता तो," मी म्हणाले, आणि आत जाऊन कडी लावली.