आभार मानणारा भामटा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मी घरात येरझाऱ्या घालायला लागतो आणि बायको वैतागते, "अहो, रिटायर झालात ना? बसा की जरा!" बसवत नाही, काय करू?

मी तेव्हा भाईंदर पूर्वेला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. जेसल पार्कमधल्या एक वयस्कर गुजराती बाई दुखरा गुडघा सावरत आल्या आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्यांनी मोबाईल आपटला. "साहेब, सब चोर लोग आहेत!"

नवघरमधल्या एका लहान संस्थेला त्या देणगी पाठवायच्या. डोंगरी-उत्तनकडच्या गरीब पेशंटना डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठी ही संस्था एक गाडी चालवायची. बाईंना दर महिन्याला आभाराचा फोन-मेसेज यायचा, धावत्या गाडीचा व्हिडिओ यायचा. आणि आता सोसायटीच्या बोर्डावर त्याच संस्थेची नोटीस लागली होती की डिझेलला पैसे नाहीत, या आठवड्यानंतर गाडी बंद. "मग आमचे पैसे गेले कुठे?" बाईंचा सवाल रास्त होता.

संस्था चालवणाऱ्या सिस्टरना मी बोलावून घेतलं. निवृत्त नर्स, मूळच्या कोकणातल्या. माझ्यासमोर ताठ बसल्या.

"देणगीदारांना दर महिन्याला व्हिडिओ कोण पाठवतं?" मी विचारलं.

"कसला व्हिडिओ? आम्ही कुणाला काही पाठवत नाही."

"निदान आभार?"

"साहेब, लोक गुप्तदान देतात. त्याचा गाजावाजा करायचा नसतो. आणि फोन केला तर त्यांना वाटेल, परत मागायला आली."

माझा पारा चढला. "अहो, देणग्या आटल्या, तेव्हा तरी विचारायचं ना?"

"वाटलं, महागाई आहे, लोकांचा हात आखडला असेल. मला लाज वाटते हो मागे लागायला." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. "मला आत टाका हवं तर. पण सोमवारी पेशंट न्यायचे कसे, तेवढं सांगा."

चोर असं बोलत नाही. संस्थेच्या बँक खात्याची माहिती मागवली, तर बाईंचे पैसे तिथे पोचतच नव्हते. ज्या मोबाईल नंबरवर ते जात होते, तो संस्थेचा नव्हता. "आमचा नंबर बदललाय" असा मेसेज देणगीदारांना कुणीतरी केला होता. सिमकार्डावरचा पत्ता बोगस निघाला.

मग आम्ही सापळा लावला. बाईंनी त्या नंबरवर निरोप धाडला की माझ्या नणंदेलाही संस्थेला रोख देणगी द्यायची आहे, माझ्या घरी या. दोन पंच आणि साध्या वेशातले शिपाई घेऊन मी आतल्या खोलीत थांबलो. बेल वाजली. इस्त्रीच्या शर्टातला एक हसतमुख माणूस आत आला आणि पहिला प्रश्न काय, तर "आंटी, गुडघा कसा आहे? तेल लावताय ना?"

पैसे हातात घेताच त्याला ताब्यात घेतलं. "इतनी पूछताछ तर माझा मुलगापण करत नाही," बाई म्हणाल्या. मला त्या माणसाची जाम चीड आली.

पोलीस ठाण्यात त्याने फार वेळ घेतला नाही. पूर्वी दारोदार वॉटर फिल्टर विकायचा. मग काही महिने संस्थेत सेवेला होता, सिस्टरांबरोबर देणग्या मागत फिरायचा. व्हिडिओ त्याने गाडीच्या मागे बाईक लावून काढले होते.

"मॅडम एकदा पैसे घेतात आणि त्या घराकडे पुन्हा फिरकत नाहीत," तो म्हणाला. "मी फिरकलो. बस्, एवढंच केलं साहेब."

कानाखाली द्यावीशी वाटली, पण बोलत होता ते खरं होतं. गुन्हा उघड झाला, स्टाफ खूश होता. मी मात्र अस्वस्थ. जप्त केलेली रक्कम म्हणजे मुद्देमाल, कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही. सोमवार तर तोंडावर आलेला.

मी सिस्टरना म्हटलं, "चला, एकेका देणगीदाराकडे. मी येतो बरोबर."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"पेशंटला घेऊन चला. त्यांना बोलू द्या."

डोंगरीचा एक म्हातारा मच्छीमार आमच्याबरोबर आला. हातावर सुयांच्या जागी गाठी आलेल्या. पहिल्या दोन घरांनी दारातूनच कटवलं. तिसरं घर त्या गुजराती बाईंचं. सिस्टर माफी मागायला लागल्या, तशी बाई म्हणाल्या, "अरे, तुम्ही आधी का नाही आलात?" मग म्हाताऱ्याकडे वळून विचारलं, "काका, रिक्षाने नाही जमत?"

"येताना उभं ऱ्हायची ताकद नसते, बाय," तो म्हणाला. "गाडी हाय म्हणून मी हाय. गाडी न्हाय तर मी न्हाय."

बाईंनी लगेच डिझेलचे पैसे दिले आणि त्या सोमवारी गाडी निघाली. सिस्टर दर महिन्याला देणगीदारांना फोन करायला लागल्या. सुरुवातीला शब्द फुटायचे नाहीत, नंतर जमलं.

पुढच्या वर्षी तो मच्छीमार गेला. ही बातमी देणगीदारांना सांगायची का, असं सिस्टरनी मला विचारलं. लोक नाराज होऊन हात आखडता घेतील, ही त्यांची धास्ती. मी म्हटलं, सांगा. त्या भामट्याने कधी वाईट बातमी दिली नव्हती, कारण त्याला फक्त पैसे हवे होते. देणाऱ्याला आपलं मानलं की दुःखही त्याच्या कानावर घालावं लागतं. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच.

सिस्टरनी माझ्यासमोरच बाईंना फोन लावला. म्हातारा मच्छीमार गेल्याचं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "त्यांच्या सीटवर आता कोण बसतं?"