दूध आटलं तेव्हा

मुलगी दीड महिन्याची झाली आणि माझी रजा संपली. सत्तर सालानंतरची गोष्ट. पिंपरीतल्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. शिफ्ट सकाळी सातची. मुलीसाठी सासूबाई बीडहून आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

निघताना पाजायचं आणि चारला आल्यावर पुन्हा पाजायचं, असं ठरलं. मधल्या वेळेसाठी पावडरचा डबा आणि काचेची बाटली आणली. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. "आपली बी अशीच व्हईल," आत्याबाई म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात दहा वाजले की माझं ब्लाऊज ओलं व्हायचं. मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायचे आणि परत लाइनवर उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात ब्लाऊज कोरडंच राहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आता पदराखाली घेतलं की मुलगी दोन घोट ओढायची आणि तोंड फिरवून रडायची.

"तुझं पुरंना तिला," आत्याबाई म्हणाल्या.

मग संध्याकाळीही बाटली, पुढं पहाटेही. घट्ट दूध जड पडेल म्हणून त्या पावडर कमी टाकायच्या. चाळीच्या नळाला सकाळी तासभर पाणी; नंतर बाटली पिंपातल्या पाण्यानं विसळायची. रबरी बोंडाला आंबूस वास यायचा. तो मला आला होता. मी बोलले नाही. माझ्यासाठी त्या घरदार सोडून आल्या होत्या, आणि मी तर दिवसभर घरातच नसायचे.

मुलगी शांत झाली. रडायचीच नाही. "गुणाची आहे गं," शेजारणी म्हणायच्या.

जुलाब लागले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पोट साफ व्हतंय." दुसऱ्या दिवशीही मी कामावर गेले. परत आले तर शेजारची भाभी, गॅरेजवाल्याची बायको, मुलीला मांडीवर घेऊन दारातच बसलेली.

"टाळू बघ हिची," ती म्हणाली. मी बोट ठेवलं. खड्डा पडला होता.

तिच्या नवऱ्यानं आम्हाला स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"अंगावरचं का बंद केलंत?"

"बंद नाही केलं. आटलं."

"ओढायला बाळ नसेल तर आटणारच."

तीन दिवस सलाइन चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रडली. भाभी रोज येऊन मला सांगायची, "दूध येवो न येवो, अंगाला लावत राहा." मी कामावर गेले नाही, पुढंही कधी गेले नाही. बाराव्या दिवशी दूध आलं, तेही एकाच बाजूला.

मुलगी वाचली. चालायला मात्र दोन वर्षं लागली. आत्याबाई गावी परतल्या. पुढं दुसऱ्या बाळंतपणाला या म्हणून मी पत्र पाठवलं तर त्यांनी उलट निरोप धाडला, "माझ्या हातात लेकरू देऊ नगंस."